पोटातला स्विच

रविवारी दुपारी शिवमूर्तीनं ताटातलं भरलं वांगं उचललं, मोरीत नेलं आणि नळाखाली धरलं.

उमादेवी हातातली भाकरी तशीच धरून बघत राहिली. एप्रिल महिना होता. लातुरात नळाला पाणी आठवड्यातून एखादे वेळी यायचं आणि टाकीतलं कुठं किती सांडलं यावरून घरात रोज तंटा व्हायचा. हा तंटा नेमानं सुरू करणारा माणूसच आता वांगं धूत होता.

"अहो, शिजलेलं हाय ते," ती म्हणाली.

"म्हणूनच धुवायलोय."

"काय लागलंय त्याला?"

"तेल."

आतलं शेंगदाण्याचं कूट मोरीच्या जाळीत गेलं. उरलेलं पांढुरकं वांगं घेऊन तो परत ताटावर बसला आणि औषध घ्यावं तसं ते खाऊ लागला. उमादेवीनं मुलीकडं पाहिलं. साक्षी मान खाली घालून जेवत होती.

"काय ऐकून आलेत गं हे?" उमादेवीनं विचारलं.

"मम्मी, त्यांनी अर्धंच ऐकलंय," साक्षी म्हणाली.

सकाळी साक्षीच्या क्लासमध्ये पालक मेळावा होता. साक्षी बारावीची परीक्षा देऊन मेडिकलच्या प्रवेश परीक्षेची तयारी करत होती. त्या भागातल्या निम्म्या घरांत अशी एकेक साक्षी होती आणि उरलेल्या निम्म्या घरांत बाहेरगावची मुलं भाड्यानं राहत होती. मेळाव्यात दरवेळी 'मुलांवर ताण आणू नका' असं सांगत आणि पालक ताण घेऊन घरी जात. या वेळी क्लासवाल्यांनी पाहुणा म्हणून एक संशोधक बोलावला होता. त्यानं पडद्यावर उंदरांची चित्रं दाखवली. आपल्या आतड्याच्या अस्तरातल्या पेशी सारख्या नव्यानं तयार होत असतात, त्यांनी कसं वागायचं ते आतली जनुकं ठरवतात, आणि कुठलं जनुक चालू राहायचं नि कुठलं बंद, यावर खाण्यातल्या चरबीचा परिणाम होत असावा, असं तो म्हणाला. भरपूर चरबी खाऊ घातलेल्या उंदरांच्या आतड्यात गाठी जास्त झाल्या. माणसाच्या बाबतीतही तशी शक्यता आहे. अभ्यास सुरू आहे.

शिवमूर्ती दाराजवळच्या खुर्चीवर बसला होता. डोक्यावरचा पंखा खडखडत होता. त्या आवाजात 'शक्यता' आणि 'अभ्यास' हे दोन शब्द त्याच्यापर्यंत पोचलेच नाहीत. 'विजेच्या स्विचसारखं' एवढं मात्र स्वच्छ पोचलं. शिवमूर्ती वीज कार्यालयात लिपिक होता. स्विच म्हणजे काय आणि तो नको तेव्हा चालू राहिला तर काय होतं, हे त्याला कुणी शिकवायची गरज नव्हती.

त्यात तो मूळचा किल्लारीजवळच्या खेड्यातला. भूकंपात त्याच्या घरातलं कुणी गेलं नव्हतं, पण गल्ली गेली होती. तेव्हा तो विशीत होता. तेव्हापासून तो कुठंही गेला तरी दाराजवळ बसायचा, भिंतीला लावून खाट टाकायचा नाही, जड सामान माळ्यावर ठेवू द्यायचा नाही. लोक हसायचे, पण त्या भीतीत एक सोय होती. छत, भिंत, जमीन, जे काही यायचं ते बाहेरून येणार होतं आणि त्यापासून पळता येत होतं. आज पहिल्यांदा त्याला कळलं की भीतीचं मूळ पोटातही असू शकतं. पोट घेऊन माणूस पळणार कुठं?

"चाळीस-पंचेचाळीस वर्षं करडईचं तेल खाल्लंय मी," तो वांग्याचा देठ बाजूला ठेवत म्हणाला. "आतले किती स्विच दबून बसले असतील कुणाला ठाऊक."

"पप्पा, ते तसं नसतं," साक्षी म्हणाली. "आणि सगळी तेलं सारखी नसतात. आपण प्रमाणात..."

"तू परीक्षेचं बघ."

दुसऱ्या दिवसापासून घरातली फोडणी बंद झाली. तेलाचा डबा शिवमूर्तीनं ऑफिसातल्या रामलिंगला देऊन टाकला. रामलिंग त्याच्या शेजारच्या टेबलावर बसायचा आणि प्रत्येक रोगावर त्याच्याकडं उपाय असायचा. डबा पिशवीत घालता घालता तो म्हणाला, "तेल सोडलंत ते ब्येस केलंत. पण आत जमलेलं कसं निघायचं? बीट खावा. किसून खावा, रस काढून प्या. आतडी कशी घासल्यागत होतेत."

शिवमूर्ती बीट खाऊ लागला. सकाळी रस, दुपारी कोशिंबीर, रात्री उकडलेल्या फोडी. उमादेवी मुलीसाठी वेगळं नि नवऱ्यासाठी वेगळं रांधू लागली. किसता किसता ती मधेच ओट्याला टेकून उभी राहायची.

"बघ, तुझाबी चेहरा उतरलाय," शिवमूर्ती तिला म्हणायचा. "तेलाचाच गुण हाय तो. तूबी सोड."

"मला उन्हाचं होतंय तसं," ती म्हणायची आणि पुन्हा किसायला लागायची.

बिटाचा पहिला आठवडा सरला असेल. एका सकाळी शिवमूर्ती संडासातून बाहेर आला तो भिंत धरून. त्यानं आत जे पाहिलं होतं ते लाल होतं. थोडं लाल नव्हे, चांगलं गडद. पुढच्या खोलीत साक्षी मोठ्यानं काहीतरी पाठ करत होती. तिला कळू द्यायचं नाही एवढं त्याला सुचलं. तो मागच्या अंगणात जाऊन उलट्या बादलीवर बसला. उमादेवी धुणं वाळत घालत होती.

"उमा," तो हळू म्हणाला, "झालं ते."

"काय झालं?"

"रक्त पडलं."

तिच्या हातातला टॉवेल तसाच राहिला. मग तिनं टॉवेल दोरीवर टाकला, त्याला चिमटा लावला आणि म्हणाली, "दवाखान्यात जाऊ."

"जाऊन काय? ते म्हणणार, उशीर झाला."

"म्हणू दे. पण जाऊ."

डॉक्टरांची वेळ दुसऱ्या दिवसाची मिळाली. मधल्या वेळात शिवमूर्तीनं जे करायला नको होतं ते सगळं केलं. रजा सांगायला रामलिंगला फोन केला आणि रडवेल्या आवाजात कारणही सांगून टाकलं. रामलिंगनं ते दुपारच्या डब्याच्या वेळी ऑफिसात सांगितलं. मग शिवमूर्तीनं निलंग्याला मोठ्या बहिणीला, सिंधुअक्काला फोन लावला. नुसतं "अक्का" एवढं म्हणून तो गप्प झाला. अक्कानं उरलेलं उमादेवीकडून काढून घेतलं आणि तिकडच्या सगळ्या नातलगांना कळवलं. संध्याकाळी शिवमूर्ती उमादेवीला गॅसची टाकी कशी बदलायची ते दाखवत होता.

"मीच बदलते की दरवेळी," ती म्हणाली.

त्याला ते खरंच माहीत नव्हतं. मग आपल्यामागं हिला शिकवावं असं दुसरं काय आहे ते तो आठवत बसला. काही आठवेना, त्यामुळं त्याला आणखीच भरून आलं.

डॉक्टर देविका पोटाच्या विकारांच्या डॉक्टर होत्या. वयानं लहान, बोलायला शांत. शिवमूर्तीनं मेळाव्यापासून सुरुवात केली. उंदीर सांगितले, स्विच सांगितले, करडई सांगितली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"रक्त दिसलं त्याच्या आदल्या दिवशी काय खाल्लं होतं?"

"काही न्हाई मॅडम. तेलाचा थेंब न्हाई. नुसतं बीट."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "किती बीट?"

शिवमूर्तीनं सांगितलं. डॉक्टर थोडा वेळ खिडकीकडं बघत राहिल्या. हसू आवरायला त्यांना तेवढा वेळ लागला.

"बिटाचा रंग उतरतो तसा. अनेकांना असं दिसतं. आपण तपासणी करून खात्री करू, पण मला तरी हे रक्त वाटत नाही."

शिवमूर्तीच्या कपाळावर घाम फुटला. सुटल्याचा घाम होता, पण सुटलो यावर त्याचा विश्वास बसेना. "मग स्विचचं काय?"

"ते संशोधन खरं आहे. खाण्यातल्या चरबीचा जनुकांच्या कामावर परिणाम होतो असं प्राण्यांत दिसलंय. माणसांत नेमकं काय, किती, कुठल्या चरबीचं, ते अजून शोधतायत. पण वांगं धुतलं की स्विच बंद, असं नसतं काका. तेल बेतानं वापरा, भाज्या, डाळी खा, चालत जा." त्या कागद ओढून घेत म्हणाल्या, "आता नेहमीचे प्रश्न विचारते. बीट खायच्या आधी कधी रक्त दिसलंय?"

"न्हाई."

"थकवा? जिना चढताना धाप लागते?"

"न्हाई."

"पोट साफ झालं तरी झालं नाही असं वाटतं? वजन कमी झालंय?"

"न्हाई, न्हाई." प्रत्येक 'न्हाई'सरशी शिवमूर्तीचा आवाज ठणठणीत होत गेला.

उमादेवी शेजारच्या खुर्चीवर पर्स मांडीवर घेऊन बसली होती. ती म्हणाली, "ह्यांना न्हाई. ते सगळं मला होतंय."

"कधीपासून?" डॉक्टरांनी विचारलं.

"संक्रांतीच्या आसपास सुरू झालं. रोज न्हाई. अधूनमधून. मूळव्याध असंल म्हणून मी..."

"रक्त?"

"हाव."

"बीट खाता तुम्ही?"

"मला बीट आवडत न्हाई," उमादेवी म्हणाली.

शिवमूर्ती तिच्याकडं बघत राहिला. संक्रांत. म्हणजे मेळाव्याच्या कितीतरी आधी. म्हणजे तो वांगं धूत होता तेव्हा, बादलीवर बसून "झालं ते" म्हणाला तेव्हा, गॅसची टाकी दाखवत होता तेव्हा.

"तू बोलली न्हाईस," तो म्हणाला.

"पोरीचं वर्ष हाय. आणि तुमी घाबरता."

शिवमूर्तीच्या तपासणीत काही निघालं नाही. दुर्बिणीची तपासणी ठरली, उमादेवीची. आदल्या दिवशी पोट रिकामं करायचं औषध भांडंभर पाण्यात कालवून घोट घोट प्यायचं होतं. साक्षीला 'पप्पांच्या तपासणीची तयारी' असं सांगून क्लासला पाठवलं. शिवमूर्तीनं औषध कालवलं, स्वतः चाखून पाहिलं, त्यात लिंबू पिळावं का म्हणून दवाखान्यात फोन केला. दुपारभर तो संडासाच्या दाराबाहेर स्टूल टाकून बसला. टाकीतलं पाणी झरझर उतरत होतं. तो काही बोलला नाही. उलट शेजाऱ्यांकडून दोन घागरी मागून आणल्या.

"जावा तिकडं," उमादेवी आतून म्हणाली. "दारात बसून काय करायलाव?"

"बसलोय नुसता."

"भीती वाटायली का?"

"न्हाई," तो म्हणाला. आयुष्यात या प्रश्नाला त्यानं पहिल्यांदाच खोटं उत्तर दिलं.

तपासणीच्या दिवशी त्याला बाहेर बाकावर बसवलं. बाक भिंतीला लागून होता, दार लांब होतं, हे त्याच्या ध्यानातही आलं नाही. बऱ्याच वेळानं डॉक्टर बाहेर आल्या. मोठ्या आतड्यात एक गाठ होती, चांगली बोराएवढी. ती दुर्बिणीतूनच काढली होती. आता ती तपासायला पाठवायची.

"कसली हाय?" शिवमूर्तीनं विचारलं.

"रिपोर्ट आल्याशिवाय मी काही सांगणार नाही. थोडे दिवस त्यांना विश्रांती हवी. जड उचलायचं नाही, चुलीपुढं उभं राहायचं नाही. खायला हलकं."

उमादेवी गुंगीतून जागी होत होती. तिनं डोळे किलकिले करून विचारलं, "साक्षी जेवली का?"

रिक्षा घराशी थांबली तेव्हा दारात चपलांचा ढीग होता. सिंधुअक्का सकाळच्या एसटीनं पिशव्या घेऊन येऊन पोचली होती. रामलिंग आला होता, वरच्या मजल्यावरची माणसं आली होती. शिवमूर्तीला बघायला. शिवमूर्ती उतरू लागला तशी उमादेवीनं त्याचं मनगट धरलं.

"माझं कुणाला सांगायचं न्हाई."

"अगं, पण..."

"साक्षीचा पेपर तोंडावर हाय. आणि मला माणसांनी असं येऊन बघत बसलेलं नको. रिपोर्ट येऊ दे. तवर न्हाई."

"मग ह्या सगळ्यांना काय सांगू?"

तिनं त्याच्याकडं नुसतं पाहिलं.

शिवमूर्ती तिला धरून उतरला, पण बघणाऱ्यांना वाटलं तीच त्याला धरून आणते आहे. अक्का पुढं धावली. "शिवू, काय दशा करून घेतलीस रे," म्हणत तिनं त्याला थेट खाटेवर नेलं, आडवं केलं आणि पायांवर चादर ओढली. "उमा, तू हितंच बस त्याच्यापाशी. सयपाकाचं मी बघते. तू उठायचं न्हाई."

अशी सोय झाली. शिवमूर्ती दिवसभर खाटेवर पडून राहायचा. शेजारी उमादेवीसाठी गादी घातली होती, आजाऱ्याला हाक मारायला सोपं जावं म्हणून. त्याच्यासाठी मऊ भात आणि वरण यायचं. अक्काची पाठ वळली की तो ताट उमादेवीकडं सरकवायचा आणि तिची भाकरी, भाजी स्वतः खायचा. कुणी आलं की कण्हायचा. कण्हणं त्याला सोपं जात होतं. खाली गादीवर तिचे डोळे मिटलेले असत आणि ती श्वास घेते आहे ना, हे तो खाटेच्या काठावरून वाकून बघत असे.

"बघा, दुखणं ह्याचं आणि झोप हिला लागायली," अक्का आल्यागेल्याला सांगायची.

"दमलीय ती," शिवमूर्ती म्हणायचा. "झोपू दे."

रामलिंग एकदा बाटली घेऊन आला. "बिटाचा रस हाय. रक्त भरून येतं." शिवमूर्तीनं ती हात लांब करून घेतली आणि खाटेखाली ठेवली.

एका दुपारी अक्का डुलकी घेत असताना साक्षी आत आली आणि खाटेच्या कडेला बसली. तिच्या डोळ्यांखाली जागरणाची काळी वर्तुळं होती.

"पप्पा, मी तुम्हाला त्या मेळाव्याला नेलं नसतं तर तुम्ही एवढं घाबरला नसता."

शिवमूर्तीनं खाली गादीकडं पाहिलं. उमादेवी भिंतीकडं तोंड करून झोपली होती, किंवा तसं दाखवत होती.

"नेलंस ते लई बरं केलंस," तो म्हणाला.

"बरं कसं?"

"तुला नंतर कळंल. जा, वाच."

साक्षीला काही कळलं नाही. पण बाप पहिल्यांदाच न घाबरता बोलला, असं तिला वाटलं आणि ती उठून गेली. शिवमूर्तीनं चादर डोक्यावरून ओढून घेतली. आत अंधारात तो दात आवळून पडून राहिला. रिपोर्टमध्ये काय येईल, एवढंच डोक्यात घोळत होतं. बिटाच्या वेळी त्यानं साऱ्या गावाला हाक मारली होती. आता खरी भीती होती, तर ती सांगायला एकसुद्धा माणूस नव्हता.

रिपोर्ट आणायला दोघंच गेले. 'आजाऱ्याला कशाला नेता,' असं अक्का म्हणाली, पण शिवमूर्ती ऐकेना. डॉक्टरांनी पाकीट उघडलं, दोन्ही पानं वाचली. शिवमूर्ती त्यांच्या भुवयांकडं बघत होता.

"कॅन्सर नाही," त्या म्हणाल्या. "पण ही गाठ तशीच राहिली असती तर पुढं त्यात बदलली असती, याची बरीच शक्यता होती. वेळेत निघाली. आता ठरल्या वेळेला तपासणीला यायचं, चुकवायचं नाही."

'शक्यता' हा शब्द या वेळी शिवमूर्तीला नीट ऐकू आला.

"मग त्या तेलानंच झालं का हे?" उमादेवीनं विचारलं.

"एका कारणावर बोट ठेवता येत नाही, मावशी. वय असतं, घराण्यातलं असतं, खाणंही असतं."

"म्हंजे फोडणी घातली तर चालंल?"

"बेतानं घाला."

परतताना गांधी चौकातल्या गर्दीत रिक्षा अडकली, मागून हॉर्न वाजत राहिले. उमादेवीनं पदरानं त्याच्या कपाळावरचा घाम पुसला आणि रिक्षावाल्यानं आरशातून पाहिलं तशी हात मागं घेतला.

घरी सगळे वाट बघत होते. अक्का, रामलिंग, वरची माणसं. उमादेवीच आधी आत गेली.

"काय म्हणाली डॉक्टरीण?" अक्कानं विचारलं.

"चांगला आला रिपोर्ट," उमादेवी म्हणाली. "काळजी न्हाई."

अक्कानं हात जोडले. रामलिंग म्हणाला, "बिटाचा गुण हाय." आणि तेवढ्यात दारात उभा असलेला शिवमूर्ती खाली बसला आणि रडू लागला. आधी नुसते खांदे हलले, मग आवाज फुटला. इतके दिवस चादरीखाली दाबून ठेवलेलं सगळं बाहेर आलं आणि ते काही केल्या थांबेना. वरच्या मजल्यावरची माणसं एकमेकांकडं बघून हसू दाबू लागली. रामलिंगनं मान फिरवली. उद्या ऑफिसात हे कसं सांगायचं, याची जुळणी त्याच्या डोक्यात चालली असावी.

उमादेवी त्याच्याकडं यायला वळली, मग थांबली. ती स्वयंपाकघरात गेली आणि पाण्याचा तांब्या भरू लागली.

"असं काय रे शिवू," अक्का त्याच्या पाठीवर हात फिरवत म्हणाली. "तुझं दुखणं, आणि धीर सगळा उमानं धरला. तिच्या डोळ्यात टिपूस न्हाई बघ. आणि तू बापईगडी असून असा. जिवाची एवढी माया बरी नव्हं."

शिवमूर्तीनं बाहीनं डोळे पुसले. स्वयंपाकघरात तांब्यात पाणी पडल्याचा आवाज येत होता.

"सुटत न्हाई गं अक्का," तो म्हणाला.